फोटो चांगले येतात, पण ‘माझे’ वाटत नाहीत

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही पुण्यात आयटीत नोकरी करता, तीन वर्षांपूर्वी कॅमेरा घेतलात. त्याच्यासोबत आलेली 18-55 ची साधी झूम लेन्स आहे, नंतर 50 मिलीमीटरचीही घेतलीत. सुट्टीच्या दिवशी कास, हरिश्चंद्रगड, वारीच्या वेळी दिवे घाट असं फिरून झालंय. हार्ड डिस्कवर अकरा हजार फोटो साठलेत. फोटो स्वच्छ येतात, लोक छान म्हणतात, पण ‘ते दुसऱ्या कुणीही काढले असते असं वाटतं’, हे तुमचं वाक्य. आणि शेवटी विचारलंय की क्रिएटिव्हिटी वाढवायला कोर्स करू की लांबचं जवळ आणणारी 70-200 लेन्स घेऊ.

मी गेली चोवीस वर्षं नाशिकला लग्नांचे आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या मालाचे फोटो काढते. दहाएक वर्षं रविवारी सकाळी काही जणांना शिकवतेही. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याचदा आलाय, आणि एका काळात तो माझाही होता. उत्तर लांब होईल. कोर्स आणि लेन्सबद्दल शेवटी बोलते, कारण माझ्या मते तुमची अडचण तिथे नाही.

तुम्ही ज्या ज्या ठिकाणांची नावं लिहिलीत, तिथे तुम्ही एकेकदाच गेला आहात. कासवर एक सकाळ, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर एक संध्याकाळ, दिवे घाटात एक दिवस. आपण कुणाकडे पहिल्यांदा पाहुणे म्हणून गेलो की आपल्याला बाहेरच्या खोलीत बसवतात, चांगल्या कपबशा काढतात. फुलांचा गालिचा, कड्याची कमान, घाटाच्या वळणावर दिसणारी दिंड्यांची रांग, ही त्या त्या जागांची बाहेरची खोली आहे. पहिल्या भेटीत ती सगळ्यांना दिसते आणि सगळे तीच टिपतात. स्वयंपाकघरापर्यंत जायला चार-पाच फेऱ्या व्हाव्या लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे अकरा हजार फोटोंपैकी परत परत उघडून पाहिलेले किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे की फार थोडे. तेव्हा मला दिसणारी अडचण अशी: तुम्ही परत जात नाही आणि परत बघत नाही. ‘माझं’ जे काही असतं ते या दोन ठिकाणी सापडतं.

हे सगळ्यांना सरसकट लागू होतं असं मात्र नाही. तुम्हाला पक्षी किंवा मैदानी खेळ टिपायचे असतील तर लांब पल्ल्याची लेन्स ही गरज आहे, तिथे मी सांगते ते अर्धंच उपयोगी पडेल. फोटोवर पोट भरायचं असेल तर आधी ग्राहकाला हवं ते हमखास देता आलं पाहिजे, स्वतःचं काम त्याच्या जोडीने करावं लागतं. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर ‘पहाटे साडेपाचला उठून जा’ या सल्ल्याला काही अर्थ नाही. काही जण गर्दीत खुलतात, काहींना एकटं भटकायला आवडतं. तुमच्या प्रश्नावरून मी एवढंच धरलंय की नोकरी चालू आहे, फोटो हा आनंदासाठी आहे, आणि हातात आठवड्याचे चार-पाच तास आहेत. तेवढे पुरतात.

आता माझी एक गोष्ट सांगते. 2001 साली मी मेन रोडजवळच्या एका स्टुडिओत शिकायला लागले. पहिले सहा महिने माझं काम पासपोर्ट फोटो कापणं आणि डार्करूममधले ट्रे धुणं. मग एका सोमवारी सरांनी घरून आणलेला एक पितळी तांब्या आणि ब्लॅक अँड व्हाइटचा 36 फोटोंचा एक रोल माझ्या हातात दिला. ‘घराबाहेर पडायचं नाही. या तांब्याचे छत्तीस फोटो उद्यापर्यंत.’ सकाळी नऊपर्यंत माझे बारा संपले होते: समोरून, वरून, शेजारी जास्वंदीचं फूल ठेवून, उंबरठ्यावर ठेवून. मग काही सुचेना. रोल महाग, त्यामुळे उगाच बटण दाबायची हिंमत नव्हती. मी त्या तांब्यासमोर नुसती बसून राहिले.

बसल्यावर जे दिसायला लागलं ते मला आजपर्यंत पुरलंय. पहिलं म्हणजे, तांब्याच्या पोटावर पूर्ण खोली दिसत होती: खिडकी, दार, छताची तुळई आणि मधोमध मी. मी तांब्याचा फोटो काढत नव्हतेच, तांब्यात पडलेल्या खोलीचा काढत होते. दार लोटलं की तांब्याचा अर्धा भाग काळा पडायचा, उघडलं की त्यावर एक लांब पांढरी रेघ यायची. आज कारखान्यातले चकचकीत स्टीलचे भाग टिपताना मी हेच करते. भागाला हात लावायच्या आधी आजूबाजूला काय आहे ते ठरवते. एका बाजूला पांढरा थर्माकोल, दुसऱ्या बाजूला काळा कागद, दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर. भाग आपोआप उठून दिसतो.

दुसरं, खिडकीपासून तांब्या दोन हात मागे सरकवला तर माझ्या डोळ्याला फारसा फरक कळत नव्हता, पण कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर सांगत होता की उजेड निम्म्याहून कमी झालाय. आपला डोळा जुळवून घेतो, कॅमेरा घेत नाही. जुन्या वाड्यात ओसरीवर बसलेली आजी आपल्याला स्वच्छ दिसते आणि फोटोत काळी येते ती यामुळेच. तिला चौकाच्या कडेला हातभर पुढे बसवली की उजेड चेहऱ्यावर येतो आणि मागची भिंत अंधारात जाते. एवढ्या एका गोष्टीवर मी लग्नघरात कित्येक नवऱ्यामुलींचे फोटो फ्लॅश न लावता काढलेत.

तिसरं दुपारनंतर घडलं. तांब्यातलं पाणी मी प्यायले आणि तो उचलला, तर शहाबादी फरशीवर ओलं वर्तुळ राहिलं होतं. तांब्या बाजूला ठेवून मी ते वर्तुळ टिपलं, तांब्याची फक्त कड चौकटीत ठेवली. दुसऱ्या दिवशी कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे पूर्ण रोलचे छोटे फोटो एकाच कागदावर, निघाली. सरांनी भिंग लावून छत्तीसही चौकटी बघितल्या आणि लाल पेन्सिलीने एकावरच खूण केली, एकतिसाव्या. म्हणाले, ‘यात कुणीतरी आत्ताच पाणी प्यायलंय.’ बाकी काही बोलले नाहीत.

तुम्ही हा अभ्यास जसाच्या तसा करा. वस्तू घरातलीच घ्या, रोज हाताळली जाणारी. डिजिटल कॅमेऱ्यात छत्तीसची मर्यादा आपली आपण पाळावी लागते. काढलेला फोटो लगेच स्क्रीनवर बघायचा नाही, पुसायचा नाही. कंटाळा येईल. पहिल्या पंधरा फोटोंत आपण आधी कुठेतरी पाहिलेले फोटो काढत असतो, ते एकदा संपावे लागतात. कंटाळा आला की समजा, साठा संपला. त्यानंतरच्या फोटोंकडे लक्ष द्या.

उजेडाबद्दल आणखी दोन व्यावहारिक गोष्टी, कारण तुमच्या दिवे घाटाच्या वर्णनात ‘वारकऱ्यांचे कपडे मळकट आले’ असं एक वाक्य होतं. कॅमेऱ्याच्या मीटरला कपडे पांढरे आहेत हे कळत नाही. समोर जे असेल ते सरासरीने मधल्या राखाडी छटेत बसवायचं, एवढंच तो करतो. चौकटीत पांढरीशुभ्र धोतरं आणि टोप्या जास्त असतील तर तो त्यांना ओढून राखाडी करतो. त्याच्या उलट आमच्या काळाराम मंदिराचा काळा दगड चौकट भरून घेतला तर तो त्यालाही राखाडी करून टाकतो, दगड धुरकट आणि फिका येतो. पांढरं जास्त असेल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची कॅमेऱ्यातली सोय) एक स्टॉप वर, म्हणजे उजेड दुप्पट, काळं जास्त असेल तर एक स्टॉप खाली, म्हणजे निम्मा, इथून सुरुवात करा आणि हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेड-अंधाराचा आलेख) बघून कमीजास्त करा. ढगाळ आषाढात पांढऱ्या कपड्यांना एक पूर्ण स्टॉप सहज चालतो, उन्हात जपून, नाहीतर कपड्यांवरच्या चुण्या नाहीशा होतात.

दुसरी गोष्ट उन्हाची. ‘सकाळ-संध्याकाळच फोटो काढा’ हा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा फिरतो. मेच्या मध्यावर पुण्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. अशा वेळी उघड्यावर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, हे खरं. पण तेच ऊन अंगणातल्या फरशीवर पडून उसळतं आणि मांडवाच्या कडेला बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर खालून येतं, फार सुंदर येतं. दुपारच्या मुहूर्तांवर वऱ्हाडातले माझे कितीतरी आवडते चेहरे मला अशा परतलेल्या उजेडात मिळाले. कोणत्या वेळेला काय चांगलं दिसतं हे शोधणं, हा फोटोग्राफरच्या कामाचा मोठा भाग आहे. ‘वेळ चुकली’ म्हणून कॅमेरा बॅगेत ठेवणाऱ्याला ते कधी कळत नाही.

आता परत जाण्याबद्दल. हा या उत्तराचा गाभा आहे.

गोदाघाटावर दुतोंड्या मारुती आहे. नदीच्या पात्रातच उभा, दोन्ही बाजूंना तोंड असलेला. पावसाळ्यात नाशिककर पुराचं माप मारुतीवरून सांगतात: पाणी पायाशी आलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. 2009 पासून मी महिन्यातून निदान एकदा तिथे जाते. का सुरू केलं याला मोठं कारण नाही. घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे आणि बुधवारच्या बाजारासाठी त्या बाजूला जाणं होतंच. पहिल्या वर्षभराचे फोटो पोस्टकार्डांसारखे आहेत. मारुती मधोमध, मागे देवळं. दुसऱ्या वर्षी मारुती कडेला जायला लागला आणि चौकटीत धुणं धुणाऱ्या बायका, पोहायला शिकणारी मुलं, पाण्यात हात घालून नाणी शोधणारा एक म्हातारा असे सगळे यायला लागले. तिसऱ्या वर्षापासून तिथली माणसं मला ओळखायला लागली. फोटोग्राफर आलाय म्हणून सावरून बसणं थांबलं. 2015 च्या सिंहस्थात त्याच जागी इतकी गर्दी आणि इतके कॅमेरे होते की मी घाटाच्या वरच्या पायरीवर बसून फक्त पोटऱ्या आणि ओली पावलं टिपली. ते मला सुचलं कारण त्या पायऱ्या रिकाम्या असताना कशा दिसतात ते मला पाठ होतं.

ऑगस्ट 2016 चा पूर आणि 4 ऑगस्ट 2019 चा रविवार, दोन्ही वेळा पाणी मारुतीवर चढताना बघायला होळकर पुलावर गर्दी लोटली होती. प्रत्येकाच्या हातात मोबाइल. मीही दोन्ही वेळा फोटो काढले आणि ते सगळ्यांसारखेच आले, कारण उभं राहायला सुरक्षित जागाच तेवढी होती. 2019 ला मात्र पाणी उतरल्यावर मी परत गेले. भांडी बाजारात एका दुकानदाराने गाळाने भरलेली सगळी पितळी-तांब्याची भांडी बाहेर काढली होती. त्याची आई एकेक धुऊन पायरीवर पालथं घालत होती. तांबे, घागरी, घंगाळी, रांगच्या रांग. मधूनच ऊन पडलं की सगळी एकदम चमकायची आणि प्रत्येकात त्या माउलीची वाकलेली आकृती दिसायची. मी तिला विचारलं, काढू का? ती म्हणाली, ‘काढ, पण आधी ती घागर इकडे सरकव.’ मी घागर सरकवली, आणखी चार भांडी धुवायला घेतली, मग फोटो काढले. माझ्या चोवीस वर्षांतल्या कामातला तो एक फोटो मला सगळ्यात जवळचा आहे. सरांनी दिलेला तो तांब्या, दहा वर्षांच्या त्या फेऱ्या आणि पूर हे तिन्ही त्या एका चौकटीत आले आहेत. ठरवून असं काही जमत नाही. पण त्या गल्लीत त्या सकाळी मी असणं, हे मात्र ठरवलेल्या फेऱ्यांमुळेच झालं.

तुम्हाला नदी आणि पूर लागणार नाही. ऑफिसला जाताना कंपनीच्या बसची वाट बघता तो थांबा, सोसायटीच्या गेटवरची रात्रपाळी, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, मंडईतला एक गाळा. अट एकच: पंधरा-वीस मिनिटांत पोचता आलं पाहिजे, नाहीतर फेऱ्या होत नाहीत. आणि तिथे काय घडतं याबद्दल तुम्हाला मनापासून थोडं कुतूहल हवं. ‘फोटोला चांगलं’ म्हणून जागा निवडू नका.

इथे आमच्या भागातल्या एका माणसाची आठवण होते. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म 1870 चा. चित्रपटांच्या आधी त्यांनी गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवला होता. 1912 साली भांडवल देणाऱ्यांना चित्रपटाचं तंत्र पटवून द्यायला त्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाणा लावला आणि कॅमेरा समोर न हलवता ठेवून रोज एक फ्रेम, असं महिनाभराहून अधिक काळ टिपलं. पडद्यावर जेमतेम मिनिटभरात अंकुर फुटून वेल वर चढताना लोकांनी पाहिली. त्यांच्याजवळ ना नट होते ना सेट. एक कुंडी, एक कॅमेरा आणि रोज परत येणारा माणूस एवढं होतं. मुलांना शिकवताना मी हे नेहमी सांगते, कारण हे ऐकल्यावर ‘आमच्याकडे विषय नाही’ असं कुणी म्हणत नाही.

त्यांच्यासारखी एखादी गोष्ट घट्ट धरून ठेवणं तुम्हालाही उपयोगी पडेल. तुमचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरचा) असेल तर 18-55 लेन्स 35 वर ठेवून झूमच्या कड्यावर चिकटपट्टी लावा. जुन्या कॅमेऱ्यांवर 50 मिलीमीटरची लेन्स जेवढं दाखवायची साधारण तेवढंच दिसेल. तीन महिने पट्टी काढायची नाही. पहिल्या आठवड्यात हात सारखे कड्याकडे जातील. महिन्याभरात पाय हलायला लागतात, पुढे, मागे, गुडघ्यावर. दोन महिन्यांत कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच चौकट किती येणार ते कळायला लागतं. मग कॅमेरा कमी वेळ डोळ्याला लागतो आणि समोरचा माणूस तुमच्याशी बोलू शकतो.

म्हणजे आतापर्यंत: घरातली एक वस्तू आणि छत्तीस फोटो, जवळची एक जागा आणि वर्षभराच्या फेऱ्या, एकच फोकल लेंग्थ, म्हणजे झूमचा एकच आकडा. आता तुमच्या अकरा हजार फोटोंकडे येऊ, कारण मला त्यांची जास्त काळजी वाटते.

फोटो काढणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं निवडणं, आणि ते कुणी शिकवत नाही. काढल्या दिवशी निवडू नका. त्या दिवशी आपल्याला फोटोबरोबर चढणीचा घाम, थंडी, सोबतचे मित्र सगळं आठवत असतं, आणि ते फोटोत आहे असा भास होतो. मी माझ्या स्वतःच्या कामासाठी तीन आठवडे थांबते. लग्नाच्या कामात तेवढं थांबता येत नाही, तिथे निदान एक रात्र जाऊ देते.

अकरा हजारांतून एका बैठकीत भराभर बघत दोनशे वेगळे करा. विचार करू नका, जिथे हात थांबेल तो घ्या, तांत्रिक चूक असली तरी घ्या. मग त्यातल्या साठ-सत्तर फोटोंचे साधे 4 बाय 6 चे प्रिंट काढा. खर्च एका जेवणाएवढा होतो, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. स्क्रीनवर आपण एकामागून एक बघतो, जमिनीवर पसरल्यावर सगळे एकदम दिसतात. सतरंजीवर मांडा आणि दोन-तीन दिवस तसेच राहू द्या. येता-जाता हलवा. जवळजवळ ठेवून बघा. काहीतरी परत परत येत असल्याचं तुमच्या लक्षात येईल.

माझ्याकडे औषधांच्या दुकानात काम करणारा एक मुलगा यायचा. गडकिल्ल्यांचे फोटो काढायचा, ढग आणि तटबंदी. प्रिंट मांडल्यावर आम्हाला दिसलं की त्याने बाजूला ठेवलेल्या साठांपैकी वीसेक फोटोंत माणसं पाठमोरी बसलेली होती. गडावर जाऊन, दमून, काही न बोलता बसलेली. त्याला हे माहीतच नव्हतं. किल्ल्याच्या फोटोंत ती ‘मध्ये आलेली’ माणसं म्हणून तो त्यांना कापून टाकायचा. त्यानंतर दोन वर्षं त्याने फक्त थांबलेली माणसं टिपली: एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर, स्वतःच्या दुकानाबाहेर. ते फोटो बघून कुणी म्हणणार नाही की दुसऱ्या कुणीही काढले असते. तुमच्या अकरा हजारांत असं काहीतरी आधीपासूनच पडलेलं असण्याची शक्यता खूप आहे. नवीन फोटो काढायला जाण्याआधी ते शोधा.

निवडताना सोबत कुणाला घ्यायचं हेही बघा. ‘मस्त’ म्हणणारे मित्र आणि ‘हॉरिझन वाकडा आहे’ म्हणणारे मित्र, दोघांचाही या कामात फार उपयोग होत नाही. फोटोतल्या माणसाबद्दल प्रश्न विचारणारा कुणी मिळाला तर त्याला धरून ठेवा. माझ्यासाठी बरीच वर्षं ते काम माझ्या सासूबाईंनी केलं. त्या विचारायच्या, ‘ही बाई कुणाकडे बघत्येय?’ आणि मला उत्तर येत नसेल तर तो फोटो मी बाजूला ठेवायचे.

माणसांचे फोटो काढण्याबद्दल मला थोडं कडक बोलायचं आहे. रामकुंडावर लोक अस्थिविसर्जनाला येतात, दशक्रिया होतात. मुंडन केलेला, ओलेता, नुकताच बाप गेलेला मुलगा फोटोत ‘प्रभावी’ दिसतो हे मला माहीत आहे. मी तिथे कॅमेरा खाली ठेवते. त्या क्षणी त्याला नाही म्हणायचंही भान नसतं, म्हणून त्याचा होकार मी गृहीत धरत नाही. वारीतही पाय चोळत बसलेली म्हातारी, उघड्यावर आंघोळ करणाऱ्या बाया यांच्यावर लांबची लेन्स रोखलेली बघते तेव्हा मला राग येतो. विचारून काढलेला फोटो कृत्रिम होतो, असं अनेक जण म्हणतात. पहिली दोन मिनिटं होतो. तुम्ही तिथेच बसून राहिलात, गप्पा मारल्यात, तर पाचव्या मिनिटाला माणूस आपल्या कामाला लागतो. आणि फोटो देईन असं म्हटलंत तर प्रिंट नेऊन द्या. पुढच्या फेरीला तुम्हाला चहा मिळेल आणि चौकटीला दार उघडं मिळेल.

दुसऱ्यांचं काम बघावं का? जरूर, पण मोबाइलवर सरकवत नको. एखाद्याचे वीस फोटो एकत्र, सावकाश. मी होमाई व्यारावाला यांच्यापासून सुरुवात करायला सांगते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे नेत्यांचे फोटो बघताना पुढचा माणूस सोडून मागे कोण उभं आहे, हात कुठे आहेत ते बघा. रघुबीर सिंग यांनी रंगीत फोटो काढताना चौकटीच्या चारही कोपऱ्यांत काहीतरी घडत ठेवलंय, तेही शिकण्यासारखं. आणि परत परत जाणं म्हणजे काय हे बघायचं असेल तर सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेलं काम बघा. गटारात उतरलेला माणूस, त्याचं घर, त्याचं कुटुंब असं ते उलगडत जातं. एका दिवशी जाऊन ते काढता आलं नसतं हे प्रत्येक फोटोत कळतं. एखादा फोटो आवडला की वहीत लिहून ठेवा, उजेड कुठून आला, फोटोग्राफर किती लांब उभा होता. मी अजून लिहिते.

कधी कधी महिनोन्‌महिने काहीच जमत नाही. माझं 2020 मध्ये झालं, लग्नं बंद, घाट बंद, कॅमेरा उचलावासाच वाटेना. जबरदस्ती केली नाही. त्या काळात मी जुन्या निगेटिव्ह स्वच्छ करून स्कॅन केल्या, आणि त्यात मला माझेच विसरलेले फोटो सापडले. काम सुटलं तरी हात त्या कामाच्या आसपास राहू द्यावा, इतकंच मला कळलंय.

आता कोर्स आणि लेन्स. एक्सपोजर, फोकस, फाइल नीट ठेवणं या गोष्टी डळमळीत असतील तर छोटा कोर्स जरूर करा, आठ-दहा आठवड्यांचा, जिथे दर आठवड्याला तुमचे प्रिंट टेबलावर मांडून बोलतात असा. नुसता फिरायला नेऊन सगळ्यांना एकाच जागी उभं करणारा नको, ते तुम्ही तीन वर्षं केलंच आहे.

70-200 आत्ता घेऊ नका. चिकटपट्टीचे तीन महिने होऊ द्या. त्यानंतरही तुमच्या ठरलेल्या जागी तुम्हाला वारंवार असं काही दिसत असेल की जिथे पाय पोचत नाहीत, समजा रस्त्यापलीकडच्या तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी, तर शनिवार-रविवारपुरती ती लेन्स भाड्याने आणा. पुण्यात सहज मिळते. नवीन ठिकाणी नेऊ नका, त्याच थांब्यावर, त्याच इस्त्रीवाल्याकडे घेऊन जा. तो हातातली इस्त्री बाजूला ठेवून ‘आज हे काय आणलंत?’ असं विचारेल, तेव्हा त्याला व्ह्यूफाइंडरमधून आधी बघू द्या.